रणगाडा पेटला होता, बाहेर पडायचा आदेश होता, तरी खेत्रपाल का थांबले? (भावाला आर्मर्ड मिळालंय, आई विचारते)

जुळे_सोलापूरची_ताई

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांबणार आहे, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून निवडला गेलाय आणि त्याला आर्मर्ड कोअर मिळालंय, म्हणजे रणगाडे. ट्रेनिंग नगरला. आमच्या घरात हा पहिलाच फौजी. वडील यंत्रमागावर होते, मामा लोक सगळे विडी आणि टॉवेलच्या धंद्यात, त्यामुळं फौजेतलं कुणालाच काही माहिती नाही. पोरगं रोज पहाटे होम मैदानावर पळायला जायचं, पहिल्यांदा दोन वेळा राहिलं, आता झालं. गल्लीत पेढे वाटून झाले.

तर झालं असं की तो जेवताना मोबाईलवर सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्याबद्दल वाचून दाखवत होता. १९७१ ची लढाई, रणगाड्याला आग लागलेली, ते स्वतः जखमी, वायरलेसवर सांगितलं की रणगाडा सोडून बाहेर या, आणि ते म्हणाले की नाही सर, मी माझा रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालू आहे. भाऊ एकदम भारावून वाचत होता. आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली आणि तिनं दोनच गोष्टी विचारल्या. वरून बाहेर ये म्हणून सांगितलं होतं तर ते लेकरू बाहेर का आलं नाही? आणि त्याच्याबरोबर आत अजून पोरं असतील ना, त्यांचं काय झालं?

भावाकडं उत्तर नव्हतं. मी पण शोधलं, पण सगळीकडं पराक्रम, परमवीर, सलाम एवढंच सापडतं. बरोबरच्यांबद्दल कुणी धड लिहीतच नाही. इथं माजी सैनिक आहेत म्हणून विचारतेय. रणगाड्यात एक जण जखमी झाला तर बाकीचे काय करतात? खरंच कुणी कुणाला सोडून जात नाही का ही नुसती सांगायची गोष्ट आहे? आईला खरं काय ते सांगायचंय, उगाच धीर द्यायचा म्हणून नाही.

---

इतिहासवेडा_पंढरपूर

ताई, आधी भावाचं अभिनंदन. आणि आईंचा दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे, तो फार कमी लोक विचारतात म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

त्या रणगाड्याचं नाव फॅमागुस्टा. सेंच्युरियन जातीचा, साधारण पन्नास टनांचा, आणि आत चार माणसं. खेत्रपाल कमांडर, गनर सवार नाथूसिंग, लोडर आणि वायरलेस बघणारे सवार नंदसिंग, आणि ड्रायव्हर सवार प्रयागसिंग. यातले नंदसिंग खेत्रपालांबरोबरच गेले. नाथूसिंग आणि प्रयागसिंग वाचले पण पाकिस्तानच्या हाती सापडले, युद्धकैदी झाले. आईंना ही चारही नावं सांगा.

आता पहिला प्रश्न. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये १७ पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले, म्हणजे लढाईच्या वेळी नोकरीला जेमतेम सहा महिने आणि वय २१. आणि तुमच्या भावाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा ते नगरलाच कोर्स करत होते, तिथून घाईघाईनं बोलावून घेतलं. जाताना घरून गोल्फचं सामान आणि समारंभात घालायचा निळा गणवेश बरोबर घेतला होता, लाहोरला गोल्फ खेळणार आणि जिंकल्यावर जी मेजवानी होईल तिथं हा गणवेश लागेल म्हणून. २१ वर्षांचं पोर ते, तसाच उत्साह.

शकरगड भागात बसंतर नावाची नदी आहे. आपल्या ४७ इन्फंट्री ब्रिगेडनं १५ डिसेंबरच्या रात्री नदीपलीकडं पाय रोवले. मधे सगळी सुरुंगांची पेरणी. इंजिनियरवाले सुरुंग काढत होते, काम अर्धंच झालं होतं आणि पलीकडच्या पायदळानं कळवलं की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसतेय, तेव्हा पूना हॉर्सनं न काढलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे घातले. हे मी दोनदा वाचलं तरी अंगावर काटा येतो, कारण पुढचा रणगाडा उडेल का नाही हे त्यातल्या चौघांना माहितीच नव्हतं.

१६ ला सकाळी आठच्या सुमाराला धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे जरपाल गावावर आले. आपल्या बी स्क्वाड्रननं, म्हणजे रेजिमेंटच्या एका तुकडीनं, मदत मागितली, खेत्रपाल ए स्क्वाड्रनचे पण जवळच होते, ते लगेच निघाले. वाटेत शत्रूची ठाणी तुडवत, तोफांवरच्या माणसांना पिस्तुलाच्या धाकानं पकडत पुढं गेले. शेवटी तोंडाला उरले आपले तीन रणगाडे. त्या झटापटीत शत्रूचे दहा रणगाडे गेले, त्यातले चार एकट्या खेत्रपालांचे. मग बाकीच्या दोघांपैकी लेफ्टनंट अहलावत यांच्या रणगाड्याला गोळा लागला, कॅप्टन मल्होत्रांची तोफ अडकली. राहिला एकटा फॅमागुस्टा, त्याला पण गोळा लागून आग लागलेली आणि खेत्रपाल जबर जखमी.

हे चित्र डोळ्यासमोर ठेवून पहिला प्रश्न परत वाचा. ते मागं आले असते तर त्या जागेत थांबणारं दुसरं कुणीच नव्हतं, आणि मागं पायदळाची पोरं उघड्या खंदकात होती. त्यांनी अजून एक रणगाडा मारला, तो शंभर मीटरवर येऊन ठेपला होता, आणि मग त्यांना दुसरा गोळा लागला.

---

मोहोळकर_७७

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितोय, राग मानू नका. फौजेत आदेश म्हणजे आदेश ना? वरिष्ठांनी बाहेर पड म्हणल्यावर बाहेर पडायला पाहिजे. एकट्याचा जीव असता तर गोष्ट वेगळी, पण आत अजून तिघं होते. नंदसिंगांच्या घरच्यांना कुणी विचारलं का? शौर्याला माझा शंभर वेळा नमस्कार, पण पोरांना सांगताना हे पण सांगा की साथीदारांच्या जिवाची जबाबदारी कमांडरची असते. माझा चुलतभाऊ सैन्यात होता म्हणून लिहितोय, आम्हाला घरी बसून वाट बघणं काय असतं ते माहितीय.

---

माजी_दफेदार_माढा

ताई नमस्कार. मी आर्मर्डमधूनच दफेदार म्हणून रिटायर झालो, आधी टी-५५ रणगाड्यावर लोडर, नंतर गनर, मग टी-७२ वर. आता माढ्याजवळ शेती करतो, डाळिंब आणि थोडा ऊस. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो म्हणून एकदमच लिहितो, चुकभूल सांभाळून घ्या.

मोहोळकर, तुमचं म्हणणं एकदम बिनबुडाचं नाही. कमांडरवर क्रूची, म्हणजे रणगाड्यातल्या माणसांची, जबाबदारी असतेच. पण आदेश देणारा लांब असतो, त्याला धूर दिसतो, वायरलेसवर आवाज ऐकू येतो. समोर किती अंतरावर कोण आलंय आणि आपली तोफ चालतेय का नाही हे फक्त गाडीतल्यांना माहिती असतं. आम्ही रणगाड्याला गाडीच म्हणतो. त्या वेळी बाहेर पड म्हणजे तुझा जीव वाचव असं ते सांगणं होतं, जागा सोड असं नव्हतं. खेत्रपाल साहेबांनी जागा सांभाळली. आणि गाडीतून बाहेर पडलेला क्रू काही सुरक्षित नसतो ओ, बाहेर मशीनगन चालू असते, तोफांचे गोळे पडत असतात, आणि हातात फार तर एखादी स्टेनगन. पेटलेल्या गाडीतून निघणं म्हणजे घरी जाणं नव्हे.

दुसरी गोष्ट. गाडीत चौघं असले तरी काम एकच असतं. कमांडर बघतो, गनर नेम धरतो, लोडर गोळा भरतो, ड्रायव्हर गाडी हलवतो. तोफ चालू आहे असं खेत्रपाल साहेब जेव्हा म्हणाले तेव्हा ती तोफ एकट्याच्या हातानं चालत नव्हती. साहेब जखमी, गाडीत धूर, अंगाशी आग, आणि तरी आत कुणीतरी गोळा उचलून भरत होतं, कुणीतरी डोळा लावून बसलं होतं. म्हणून तो पराक्रम चौघांचा. परमवीर एकाला मिळालं, ते योग्यच आहे, साहेबांच्या शब्दावर बाकीचे थांबले. पण ताई, तुमच्या आईनं जो प्रश्न विचारला तो आमच्या प्रत्येक क्रूच्या मनातला आहे.

आता एक जण जखमी झाला तर काय करतात, ते सांगतो.

टँकमधून बाहेर पडायचा सराव सारखा सारखा घेतात. डोळे बांधून पण घेतात. कारण धूर भरला की हात दिसत नाही. कुठलं झाकण कसं उघडतं, हेडसेटची वायर कुठं अडकते, सगळं हाताला पाठ झालं पाहिजे. जखमी माणूस टरेटमधून, म्हणजे वरच्या फिरत्या तोफेच्या भागातून, काढणं लई अवघड, खाली जागा नसते, वरचं झाकण अरुंद, आणि बेशुद्ध माणूस एकदम जड होतो. एकानं खालून ढकलायचं, दुसऱ्यानं वरून काखेत हात घालून ओढायचं.

आणि ही गोष्ट भावाला मुद्दाम सांगा. टी-७२ मध्ये ड्रायव्हर पुढं मधोमध बसतो आणि तोफेची नळी नेमकी त्याच्या झाकणावर आली तर त्याला झाकण उघडून बाहेर पडता येत नाही. मग गनरनं काय करायचं? स्वतः बाहेर उडी मारायच्या आधी टरेट फिरवून तोफ बाजूला न्यायची. आग लागलेली असली तरी. आमचे उस्ताद हे इतकं घोटून घ्यायचे की आम्हाला चीड यायची. गनरला उडी मारायला एक क्षण लागतो, पण तोफ फिरवायला जे चार-पाच क्षण लागतात त्यात ड्रायव्हरचा जीव असतो. ताई, कुणी कुणाला सोडत नाही हे खरं का, असं तुम्ही विचारलं ना, ते असं असतं. भाषण नसतं त्यात. हात त्या हँडलवर जातो का नाही एवढंच.

माझंच सांगतो. टी-५५ वर लोडर होतो, राजस्थानात फायरिंग चालू होतं, उन्हाळा, आत बसवत नव्हतं. गोळा भरताना बोटं ब्रीचमध्ये, म्हणजे तोफेच्या मागच्या तोंडात, चिमटली, दोन नखं गेली, एक बोट मोडलं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. गनर जाट होता, त्यानं फायरिंग थांबवायला लावून स्वतःच्या डोक्याचा पटका सोडून माझ्या हाताला बांधला आणि ड्रायव्हरनं मला खांद्यावर टाकून ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं, वाळूतनं. पुढं हात प्लास्टरमध्ये होता तोवर त्या गनरनं माझी मेसची थाळी, अंघोळीचं पाणी, बुटाच्या लेस, सगळं बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, मला हरियाणवी कळत नव्हती. आज पण ऊस गेला का, किती टन भरला म्हणून फोन करतो. युद्ध नव्हतं ते, साधं फायरिंग होतं. युद्धात तर हेच नातं शंभर पटीनं.

---

शिक्षिका_अक्कलकोट

दफेदार काका, गनरनं तोफ फिरवायची ती गोष्ट वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून बसले. उद्या वर्गात सांगणार.

ताई, आईंना आपल्या मातीतलं एक उदाहरण पण सांगा. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई. दुसऱ्या महायुद्धात इटलीत सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५. ते कंपनीचे निरोप्ये, म्हणजे रनर होते. नदी ओलांडताना जवळजवळ सगळी तुकडी गोळीबारात सापडली, दोन साथीदार जखमी होऊन पडलेले. जाधवांनी एकेकाला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून अलीकडं आणून ठेवलं. दोघांसाठी दोन वेळा. आणि परत गेले. मशीनगनच्या एका ठाण्यावर तुटून पडले, तिथं हाताला गोळी लागली, टॉमीगन धरता येईना तर ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. तीन ठाणी एकट्यानं बंद पाडली. मग काठावर चढून उभे राहिले आणि छत्रपती शिवाजी महाराज की जय म्हणून हाळी देत बाकीच्यांना नदी पार करायला बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ ला पुण्यात वारले.

मला यात सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? मशीनगन बंद पाडणं नंतरचं. आधी त्यांनी माणसं आणली. सुरुंगातून जखमी माणूस पाठीवर घेऊन जायचं म्हणजे पाऊल कुठं टाकतोय ते बघायची पण सोय नाही.

आणि आपण सोलापूरची माणसं जखमी सैनिकांबद्दल बोलतोय तर भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक भावाला जायच्या आधी एकदा दाखवून आणा. ते सैनिक नव्हते, डॉक्टर होते, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि आघाडीवर सलग ७२ तास न झोपता जखमींवर ऑपरेशनं केलेली त्यांनी. १९४२ मध्ये तिथंच गेले, वय फक्त ३२. जन्म इथला, सोलापूरचा.

---

जुळे_सोलापूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. दफेदार काका, तुमचं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत होती पण म्हणाली की त्या जाट पोराच्या आईला देव सुखी ठेवो. मग म्हणाली की नंदसिंगांचं घर कुठं असेल, त्यांची आई असेल का अजून. मला काय सांगावं कळेना.

अजून एक विचारू का? आताच्या रणगाड्यात पण असंच आहे का? भाऊ म्हणतो की आता सगळं ऑटोमॅटिक असतं, आग लागली तरी आपोआप विझते. ते आईला सांगावं का?

---

माजी_दफेदार_माढा

ताई, भावाचं अर्धं बरोबर आहे. टी-७२ आणि टी-९० मध्ये आता तिघंच असतात, लोडर नाही, गोळा मशीन भरतं. अर्जुनमध्ये मात्र चौघं आहेत. आग ओळखून विझवणारी यंत्रणा असते, ती काम पण करते, त्यामुळं १९७१ पेक्षा आतला माणूस नक्कीच जास्त सुरक्षित आहे, एवढं आईला खात्रीनं सांगा. पण टी-७२, टी-९० मध्ये गोळे क्रूच्या पायाखालीच गोल रचलेले असतात, तिथपर्यंत मार गेला तर वाचणं अवघड, हे भावाला माहिती पाहिजे. आईला सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही खरं सांगायचं म्हणालात म्हणून लिहिलं.

तिघं झाले म्हणून एक फरक पडला तो सांगतो. पूर्वी चौथा माणूस असायचा तेव्हा गाडीचा ट्रॅक तुटला, डिझेल भरायचंय, रात्रीचा पहारा आहे, हे सगळं चौघांत वाटून व्हायचं. आता तिघांवर पडतं. त्यामुळं एक जण आजारी पडला तरी बाकीच्या दोघांचं कंबरडं मोडतं, मग दोघं त्याला सांभाळून घेतात आणि तो बरा व्हायच्या आधीच उठून बसतो. डॉक्टरनं आराम सांगितलेला असतो, तो ऐकत नाही. साहेबांना सांगून त्याला झोपवायला लागतं.

---

इतिहासवेडा_पंढरपूर

दफेदारांनी पायदळाचा विषय काढला नाही म्हणून मी काढतो, कारण मोहोळकरांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. खेत्रपाल ज्यांच्यासाठी थांबले ते कोण होते? जरपालला ३ ग्रेनेडियर्स या पायदळाच्या पलटणीची कंपनी होती, मेजर होशियारसिंग यांची. १६ ला त्यांच्यावर हल्ल्यांवर हल्ले आले, १७ ला तर तोफांच्या माऱ्यासकट मोठा हल्ला. होशियारसिंग जबर जखमी होते, तरी या खंदकातून त्या खंदकात जाऊन पोरांना धीर देत फिरत होते. तेवढ्यात मशीनगनच्या खड्ड्याजवळ गोळा पडला आणि ती गन चालवणारी पोरं जखमी झाली. गन बंद. होशियारसिंग त्या खड्ड्यात उतरले आणि तसल्या अवस्थेत स्वतः गन चालवायला बसले. हल्ला मोडला. शत्रूनं ८५ मृतदेह मागं टाकले, त्यात त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा पण होते. युद्धबंदी होईपर्यंत होशियारसिंगांनी मागं न्यायला नकार दिला. परमवीर चक्र मिळालं, आणि ते हयात असताना मिळालं.

एकाच गावाजवळ, एकाच लढाईत दोन परमवीर. खेत्रपालांचे रणगाडे १६ ला हटले असते तर १७ ला त्या खड्ड्यात गन चालवायला कुणी उरलं असतं का, याचा विचार करा.

आणि पूना हॉर्सला हे नवीन नव्हतं. १९६५ ला याच रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पुण्याच्या दस्तूर शाळेत शिकलेले. ११ सप्टेंबरला फिल्लोऱ्याच्या लढाईत जखमी झाले, मागं जायला नकार दिला, पुढं वझीरवाली, जस्सोरान, बुतूर डोग्रांडी अशी ठाणी घेत गेले आणि १६ सप्टेंबरला वीरमरण आलं. त्यांनाही परमवीर. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट सांगतो, तेव्हा ते हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते. हातबाँब फेकायचं शिक्षण चालू असताना एका पोराचा बाँब नीट फेकला गेला नाही, तिथंच जवळ पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला आणि लांब फेकला, फेकताना फुटला आणि छातीत तुकडे घुसले. समोर शत्रू नव्हता, पदक नव्हतं. शिकायला आलेली पोरं होती फक्त.

---

मोहोळकर_७७

इतिहासवेडा, होशियारसिंगांचं मला माहिती नव्हतं, चांगलं लिहिलंत. माझं म्हणणं मी तरी सोडत नाही, क्रूच्या घरच्यांची विचारपूस झालीच पाहिजे, नावं घेतलीच पाहिजेत, शाळेच्या फळ्यावर परमवीराचं एकट्याचं नाव लिहिताना खाली बाकीच्या तिघांचं पण लिहा. शिक्षिका बाई, तुम्ही १६ डिसेंबरला तेवढं करा.

आणि एक गोष्ट मी पण सांगतो, ही चुलतभावाकडून ऐकली तेव्हापासून डोक्यात आहे. ज्यांच्या गोळ्यानं खेत्रपाल गेले ते पाकिस्तानी अधिकारी, ख्वाजा मोहम्मद नासेर, पुढं ब्रिगेडियर झाले. २००१ मध्ये खेत्रपालांचे वडील, ते पण ब्रिगेडियर, ८१ वर्षांचे, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला तिकडं गेले होते आणि लाहोरला या नासेर यांच्याच घरी उतरले. माहिती नव्हतं त्यांना. परत निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो. आणि त्याच्या शौर्याला सलाम केला. त्या बापानं काय केलं असेल त्या रात्री. मी दोन पोरांचा बाप आहे, मला विचार पण करवत नाही.

---

शिक्षिका_अक्कलकोट

मोहोळकर, लिहिणार. चारही नावं.

---

नगरकर_मूळचा_बार्शीचा

ताई, उशिरा बघितलं. मी नगरलाच असतो, मूळ बार्शी. भावाला सोडायला आई येणार असतील तर एक दिवस जास्तीचा काढून या. इथलं रणगाडा संग्रहालय बघा, पहिल्या महायुद्धापासूनचे रणगाडे उघड्यावर उभे आहेत, जवळ जाता येतं, हात लावता येतो. फॅमागुस्टा पण नंतर पाकिस्तानकडून परत मिळाला आणि दुरुस्त करून नगरलाच ठेवलाय. आईंना सेंच्युरियनच्या शेजारी उभं करा म्हणजे ती गाडी केवढी असते आणि वरचं झाकण केवढंसं असतं ते कळेल. ओळखपत्र बरोबर ठेवा, वेळ आधी विचारून घ्या. सोलापूरहून टेंभुर्णी-करमाळा रस्त्यानं या, सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता.

---

जुळे_सोलापूरची_ताई

आई येणार म्हणतेय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आत्ताच बांधायला घेतली, भावाबरोबर राहणाऱ्या पोरांना पण पुरली पाहिजे म्हणून, म्हणलं अगं आत न्यायला देतात का नाही ते तरी विचारू दे.

दफेदार काका, भावानं विचारलंय की ड्रायव्हर मागावा का गनर?

---

माजी_दफेदार_माढा

मागून मिळत नाही ताई, ट्रेनिंगमध्ये बघून ठरवतात. पण त्याला सांगा की जे मिळेल ते शिकायचंच, त्याशिवाय शेजारच्याचं काम पण शिकायचं. ड्रायव्हर झाला तरी गोळा भरता आला पाहिजे, गनर झाला तरी गाडी हाकता आली पाहिजे. होशियारसिंग साहेबांना मशीनगन येत होती म्हणून ते त्या खड्ड्यात उतरू शकले.

आणि खाऊ गेटवर विचारून द्या, घरच्या पोराबरोबर आलेलं सहसा परत पाठवत नाहीत. ट्रेनिंग संपलं की कसम परेड, म्हणजे शपथेची परेड असते, तिथं आईवडिलांना बोलावतात, त्यांच्या छातीवर गौरव पदक लावतात. वडिलांना पण आणा त्या दिवशी. मी पण येईन माढ्याहून, तारीख कळली की इथंच टाका.